रोझेटसाठी सेन्सर निवडताना

दोन हिवाळे साध्या डीएसएलआरने रोझेट तेजोमेघ टिपत होतो आणि दर वेळी तो फिकाच यायचा. त्यातल्या हायड्रोजन वायूचा, हायड्रोजन-आल्फा नावाचा लाल प्रकाश 656.3 नॅनोमीटरचा, नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढचा फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. थंड करता येणारा खगोल-कॅमेरा घ्यायचं तेव्हाच ठरवलं.

आधी डोळा गेला सोनीच्या आयएमएक्स183 सेन्सरवर. दोन कोटी पिक्सेल! सुदैवाने ऑर्डरआधी वही काढली. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यायचा, 206.265 ने गुणायचा, दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागायचा. एका पिक्सेलवर आकाशाचे किती आर्कसेकंद (अंशाचा 3600 वा भाग) पडतात ते निघतं. माझी दुर्बीण 480 मिमीची. 183 च्या 2.4 मायक्रॉनच्या पिक्सेलला उत्तर आलं 1.03. पण माझ्याकडे चांगल्या रात्रीही तारा 3 आर्कसेकंदांहून बारीक येत नाही. म्हणजे मोठ्या फाइलींत हवेची थरथरच साठवायची. 3.76 मायक्रॉनच्या पिक्सेलला 1.62 आलं, ताऱ्याच्या रुंदीत जेमतेम दोन पिक्सेल. मला तेवढं पुरे होतं.

आता उरले सोनीचेच आयएमएक्स533 आणि आयएमएक्स571. पिक्सेल दोघांचे तेच 3.76 चे, सेन्सरचा आकार वेगळा, आणि इथे मी कित्येक आठवडे अडकलो. शेवटी तारानकाशाच्या मापाने कागदाच्या दोन चौकटी कापल्या. 571 ची 2.8 बाय 1.9 अंशांची, 533 ची 1.35 अंशांची चौरस. देवयानी दीर्घिका 571 मध्ये तिरकी बसते, 533 मध्ये नाही. तो मोह सोडणं जड गेलं. पण डीएसएलआरच्या चौकटीत कोपऱ्यांतले तारे माझ्या दुर्बिणीत आधीच ताणलेले दिसायचे, आणि तो सेन्सरही 571 एवढाच होता. रोझेट 1.3 अंशांचा, लहान चौकटीत काठोकाठ मावला.

533 घेतला, रंगीत. रंगीत सेन्सरवर चारांतला एकच पिक्सेल लाल टिपतो हे खरं, पण निरभ्र रात्री मोजक्या मिळतात, त्या कृष्णधवल सेन्सरपुढे एकेका रंगाचे फिल्टर बदलण्यात घालवायची माझी तयारी नव्हती. शिवाय याला अँप-ग्लो, म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या सर्किटमुळे चित्राच्या कडेला येणारी चकाकी, नाही. ती चकाकी डार्क फ्रेमने (झाकण लावून घेतलेल्या फोटोने) वजा होते, तिचा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, मात्र मागे राहतो.

पहिल्या रात्री सेन्सर उणे 10 अंशांवर ठेवला. पाच-पाच मिनिटांच्या चाळीस फ्रेम एकावर एक रचल्या, चित्रातला अंधुक भाग उजळवला, आणि लाल पाकळ्यांवर धुळीचे काळे ठिपके एकेक करून दिसू लागले. दोन हिवाळ्यांत त्यातला एकही मला दिसला नव्हता.