दहावी आली म्हणून तबला बंद?

लेक नववीत आहे, सात रस्त्याजवळ तबल्याच्या क्लासला जाते, पाच वर्षं झाली, आणि शेजारच्या काकू परवा म्हणाल्या "अगं, आता बंद कर की तो क्लास, पुढच्या वर्षी दहावी". रात्रभर डोक्यात तेच.

मग वाचत बसले. शिकागोत हायस्कूलमध्ये नुकत्याच गेलेल्या, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला, २०१५ ला छापून आला, काही मुलं शाळेच्या बॅंडमध्ये वाजवायची, काही लष्करी पद्धतीच्या ट्रेनिंगला, आणि साधारण तीन वर्षांनी बघितलं तर संगीतवाल्या मुलांच्या मेंदूत आवाज टिपण्याची प्रक्रिया जास्त परिपक्व झालेली, शब्दातले ध्वनी ओळखण्यातही ती पुढे. म्हणजे एवढ्या मोठ्या वयात सुरू करूनही फरक पडतो! पण संगीताने गणित सुधारतं, बुद्ध्यांक वाढतो वगैरे जे सांगतात ना, ते २०२० मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासल्यावर फारसं टिकलं नाही, हेही खरं सांगायला हवं.

तरी मी घरात रोज बघते ते वेगळंच आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा (म्हणजे ठोके), त्यात पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रेची जागा, सतरावी बरोबर समेवर, म्हणजे ताल पुन्हा सुरू होतो त्या पहिल्या मात्रेवर. चुकली की कपाळाला आठ्या, परत पहिल्यापासून, कुणी न सांगता. पाऊण तास फोनला हात नाही. हे मार्कांत मोजता येत नाही, मला ते मोजायचंही नाही. क्लास चालू राहणार, काकूंना सांगितलं तसं.