गाण्याचा पडदा

सोमवार, रात्री

अनोळखी माणसांना दोघादोघांत बसवून गप्पा मारायला लावायच्या म्हटलं की आयोजक आधी विचारतात, गाणी कुठली लावायची? किती आवाजात लावायची, हे सहसा कुणी विचारत नाही. खरी गोम तिथंच आहे.

समोरच्यापेक्षा माणूस शेजारच्या टेबलाला जास्त बिचकतो. समोरचा निदान तोंडदेखला ओळखीचा झालेला असतो, बाजूचे कान मात्र परकेच. शांत हॉलमध्ये चोवीस माणसं बसली की प्रत्येकाला आपलं वाक्य भिंतीपर्यंत जाताना ऐकू येतं आणि मग हवापाणी, ट्रॅफिक, ‘तुम्ही मूळचे कुठले’ यापुढे गाडी सरकत नाही. मागे काहीतरी वाजत असलं की दोन गोष्टी होतात. शब्द शेजारी पोहोचेपर्यंत विरतात आणि बोलताना पडलेली शांतता अंगावर येत नाही. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची. मनातलं बोलायच्या आधी माणूस चार-पाच सेकंद थांबतोच, आणि ती सेकंदं भरलेली असली की समोरचा घाईघाईनं विषय बदलत नाही.

फ्रान्समधल्या एका प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. 2010 साली प्रसिद्ध झालेला. वाट पाहताना प्रेमगीत कानावर पडलेल्या तरुणींपैकी सुमारे 52 टक्के जणींनी नंतर एका अनोळखी तरुणाला फोन नंबर दिला. साधं गाणं ऐकलेल्यांत हे प्रमाण 28 टक्के होतं. आकडे बोलके आहेत, पण नंबर देणं वेगळं आणि मन मोकळं करणं वेगळं. शब्दांनी माणसाला एका भावनेकडे ढकलता येतं एवढंच त्यातून घ्यावं.

मंगळवार

आज नुसता हिशेब. साधं बोलणं एक मीटरवर साधारण 60 डेसिबल भरतं. अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी (मोकळ्या जागेत, खोलीत भिंती थोडं परत देतात). दोघांत 70 सेंटिमीटर अंतर असेल तर समोरच्याच्या कानाशी 63. शेजारचं टेबल अडीच मीटरवर असेल तर तिथे 52. आता वाद्यसंगीत 52 वर ठेवलं तर समोरच्याला बोलणं 11 डेसिबलनं वर, म्हणजे स्वच्छ. शेजाऱ्याला मात्र ते संगीताच्या बरोबरीला, म्हणजे कुणीतरी बोलतंय एवढंच कळतं, काय ते कळत नाही. पडदा म्हणतात तो हाच.

टेबलं दीड मीटरवर आणली की हा पडदा फाटतो आणि मग आवाज वाढवायचा मोह होतो. तो करू नये. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं 1911 मध्येच हे नोंदवलं आहे. संगीत वाढवलं की माणसं ओरडतात, माणसं ओरडली की संगीत ऐकू येत नाही म्हणून कुणीतरी बटण फिरवतो. अर्ध्या तासात लग्नाचा हॉल. ओरडून कुणी आपलं दुःख सांगत नाही. हॉल भरेल तसं संगीत खाली आणायचं, कारण गर्दीची कुजबुज स्वतःच पडद्याचं काम करते.

माप मोबाइलमधल्या डेसिबल मीटरनं चालतं, पण ते खुर्चीत बसून, कानाच्या उंचीवर, पंखे चालू ठेवून घ्यावं. रिकाम्या हॉलमध्ये पंखेच 45-50 देत असतील तर संगीताला जागा थोडीच उरते. तेव्हा पंख्याचा वेग आधी कमी करा.

बुधवार

एक बारकावा राहिला. माणूस खरंच मनातलं सांगू लागला की त्याचा आवाज पडतो. 60 चा 54 झाला की समोरच्याला 57, म्हणजे संगीतापेक्षा जेमतेम 5 वर. मग दोघंही पुढे झुकतात. 40 सेंटिमीटरवर आले की पुन्हा 62. हे झुकणं फार कामाचं. संगीतानं केलेली सगळ्यात मोठी मदत मला हीच वाटते. पण ज्याला कमी ऐकू येतं त्याला ही शिक्षाच आहे. त्याची जागा स्पीकरपासून लांब आणि भिंतीकडे पाठ करून ठेवावी.

स्पीकर एकच मोठा नको. लांबच्या टेबलाला पुरवायला गेलं की जवळच्याला बडवतो. चार छोटे, डोक्याच्या वर, तोंड भिंतीकडे. मोनो ठेवा, म्हणजे चारही स्पीकरांतून एकच आवाज येईल, नाहीतर एका कोपऱ्याला नुसता तबला मिळतो. 100 हर्ट्झच्या खालचं कापून टाका, कारण खर्जाचा गडगडाट वरच्या स्वरांना गिळतो. 2 ते 4 हजार हर्ट्झमध्ये आपली व्यंजनं असतात. तिथं फार तर 3 डेसिबल कमी करा. त्याहून जास्त केलं तर नेमकं तिथंच पडद्याला भोक पडतं.

गुरुवार

काय लावायचं, तेही लिहून ठेवतो. ओळखीच्या भाषेतले शब्द असलेलं गाणं कान पळवतं. एकाच वेळी दोन वाक्यं नीट ऐकता येत नाहीत. फक्त पहिली दहा मिनिटं जुनी भावगीतं चालतात, कारण ‘हे आमच्याकडे सकाळी रेडिओवर लागायचं’ असं म्हणत विषय निघतो. पुढे निव्वळ वाद्यं. इथं एक हमखास फसगत होते. सतारीचं रेकॉर्डिंग आलापानं, म्हणजे संथ, तालाशिवायच्या भागानं सुरू होतं, सगळे खूश. मग लय धरणारा ‘जोड’ येतो, मग जलद ‘झाला’. दोघं कुठे खोलात शिरतात तेवढ्यात सतार धावत सुटते आणि बोलणारा आवरतं घेतो. आलाप तेवढा कापून घ्यावा. संतूरचे ठोके टोकदार असतात, ते आणखी मंद हवेत. नुसता तानपुरा सगळ्यात सपाट, पण आपल्याकडे तानपुरा सुरू झाला की मैफल आता सुरू होणार म्हणून लोक गप्प बसतात! पॅरिसमध्ये 1920 साली एरिक साती या फ्रेंच संगीतकारानं लक्ष न देता ऐकायचं म्हणून संगीत वाजवलं, तेव्हाही लोक बोलणं थांबवून ऐकत बसले आणि तो बोला, बोला म्हणत फिरत राहिला.

दळायचं जातं मात्र हे जमवून गेलं होतं. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांच्या पुढाकारानं गोळा झालेल्या लाखाहून जास्त ओव्यांत सासर, माहेर, नवरा, उपास सगळं आहे. पहाटेची ती एकसुरी घरघर, निजलेलं घर आणि दगडाला उद्देशून बोलायची सोय. चढ नाही, उतार नाही, मध्येच खंड नाही. पार्श्वसंगीताचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

शुक्रवार

खंडावरून आठवलं. दोन ट्रॅकमधली दोन सेकंदांची शांतता सगळ्यात घातक. नेमकं कुणाचं तरी ‘...तेव्हापासून आम्ही बोलतच नाही’ साऱ्या हॉलला ऐकू जातं आणि ते टेबल पुढे तासभर मिटलेलं राहतं. क्रॉसफेड, म्हणजे एक ट्रॅक विरताना त्यातच दुसरा सुरू होणं, 6 ते 8 सेकंद ठेवा. फाइली आधी उतरवून, आवाज सारखा करून घ्या. फुकटच्या ॲपमधली जाहिरात भसकन येते. फोन विमान मोडवर, ब्लूटूथ तेवढं चालू, नाहीतर कुणाचा तरी कॉल चारही स्पीकरवर वाजतो.

शेवटी संगीत एकदम बंद करू नका. दर मिनिटाला 3 डेसिबल खाली आणत दहा-बारा मिनिटांत ऐकू येईनासं करा. तोवर बरेच जण आपणहून खुर्च्या मागे सरकवतात. जे सरकवत नाहीत त्यांच्या टेबलाजवळचा स्पीकर राहू द्यावा.