गाडीला थोडा प्ले लागतोच

काल बाइकचं ऑइल बदलायला बसलो, ड्रेन बोल्ट (इंजिनच्या तळाचा, जुनं ऑइल काढायचा) हातात आला आणि परत ती जुनी लाज आठवली. त्या भोकात आता कंपनीचे आटे नाहीतच, आत हेलिकॉइल आहे. म्हणजे भोक थोडं मोठं करायचं, नवीन आटे पाडायचे आणि त्यात स्टीलच्या तारेचं एक स्प्रिंगसारखं वेटोळं फिरवून बसवायचं, मग मूळ मापाचा बोल्ट परत बसतो. काम चांगलं होतं, टिकतंही. पण हे करायची वेळ आली ती फक्त माझ्यामुळे. पहिल्यांदा स्वतः ऑइल बदललं तेव्हा डोक्यात एकच भीती होती की हा बोल्ट चालत्या गाडीतून गळून पडला तर सगळं ऑइल रस्त्यावर आणि इंजिन जाम. म्हणून पाना लावला, आवळला, अजून थोडा आवळला, मग पान्याच्या शेपटीला पाइपाचा तुकडा अडकवला आणि अजून थोडा. आणि एका क्षणी पाना एकदम हलका झाला. ज्याने हे कधी अनुभवलंय त्याला माहितीये, तो हलकेपणा हाताला नाही पोटात जाणवतो.

बोल्ट स्टीलचा, क्रँककेस (इंजिनची खालची पेटी) अ‍ॅल्युमिनियमची. भांडणात कोण हरणार हे ठरलेलंच आहे. अशा १२ मिमीच्या ड्रेन बोल्टला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे एक वीत लांब पान्याच्या टोकाला अकरा ते चौदा किलोचा जोर. बस्स. गळती थांबवायचं काम आट्यांचं नसतंच, ते खालचा वायसर करतो, तो दाबला गेला की झालं. आणि त्या बारक्या ६ मिमीच्या बोल्टना, जे साइड कव्हरला वगैरे असतात, त्यांना १० न्यूटन-मीटरच. ते तर पाना तोंडाजवळ धरून फक्त मनगटाने आवळायचे, दंडाची ताकद आली की कुठलातरी एक तुटून डोकं हातात येतं.

गाडी साधी आहे. १०० सीसी, एक सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, हवेवर थंड होणारं इंजिन, कार्ब्युरेटर, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. मी एकदा बसून विचार केला की या गाडीत आजपर्यंत जे जे बिघडलं त्यातलं वयाने किती आणि माझ्या हाताने किती, तर माझं पारडं बरंच जड निघालं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं एकाच कारणाने: काहीतरी गरजेपेक्षा घट्ट केलं होतं.

ही सवय उगाच लागत नाही म्हणा. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन एकटाच वरखाली धावतो, त्याला तोलायला क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावर) वजन असतं पण ते पूर्ण तोलूच शकत नाही. वरखालीचं सगळं वजन तोलायला गेलं तर क्रँक फिरताना तेच वजन पुढेमागे हिसके द्यायला लागतं. म्हणून मधला मार्ग काढलेला असतो आणि उरलेली थरथर हँडलला, फूटरेस्टला, आरशाला येते. या थरथरीत नट खरंच सैल होतात. नंबरप्लेटचा नट दोनदा हरवला की माणूस पाना घेऊन सगळंच पिळायला लागतो, आणि मग चेनही पिळतो.

चेनवर जरा सविस्तर लिहितो कारण इथे मी सगळ्यात जास्त काळ मूर्खपणा केला. लोंबणारी चेन बघवत नाही. कव्हरला घासून खडखड करते, म्हणून मी ती मस्त ताणून ठेवायचो, बोटाने दाबली तर जेमतेम हलायची आणि मला वाटायचं काय भारी सेट केलीये. गाडी डबल स्टँडवर असताना ती बरोबर दिसतेही. पण मागचा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, ज्या पिनेवर वरखाली होतो ती पिन आणि पुढचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर बसते ते दातेरी चाक) यांचे मध्य एका जागी नसतात, स्प्रॉकेट थोडं पुढे असतं. त्यामुळे खड्ड्यात किंवा मागे कोणी बसल्यावर चाक वर येतं तसं दोन स्प्रॉकेटमधलं अंतर वाढत जातं, आणि पुढचं स्प्रॉकेट, ती पिन आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त असतं. स्टँडवरच चेन टाइट असेल तर या क्षणी तिला द्यायला काहीच उरत नाही. मग ताण जातो गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि तिथल्या ऑइल सीलवर. माझ्या गाडीचं ते सील गळायला लागलं तेव्हा मी सीलला शिव्या दिल्या, नवीन टाकलं, तेही गळलं.

छोट्या गाड्यांना खालच्या बाजूच्या मधोमध वरखाली मिळून साधारण २० ते ३० मिमी प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, सांगतात, आपापल्या मॅन्युअलमध्ये जे असेल ते घ्या. पण तो कुठे मोजायचा हे जास्त महत्त्वाचं. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, चाक हळूहळू फिरवलं की एका जागी ती सैल लागते आणि अर्ध्या-पाऊण फेऱ्यानंतर एकदम टाइट. मोजायचं त्या टाइट जागी. मी सैल जागी मोजून सेट करायचो म्हणजे टाइट जागी काय होत असेल विचार करा. आणि या दोन जागांत फारच फरक पडायला लागला की अ‍ॅडजस्ट करत बसण्यात अर्थ नाही. चेन ताणली असं आपण म्हणतो पण पत्रा ताणला जात नाही, प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचं बुश (नळी) जरासं झिजतं आणि शंभरावर कड्यांची झीज मिळून लांबी वाढते. ४२८ मापाच्या चेनची पिच (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) १२.७ मिमी, म्हणजे नव्या चेनमध्ये वीस पिच २५४ मिमी भरतात. हेच माप २५९ च्या जवळ गेलं असेल तर दोन्ही स्प्रॉकेटसकट नवीन सेट टाकायचा. नुसती चेन बदलली की झिजलेले दात तिलाही लवकर खातात.

अजून एक, चेन ताणायला चाक मागे सरकवलं की मागचा ड्रम ब्रेक आपोआप टाइट होतो, कारण रॉड तेवढाच राहतो आणि ड्रम मागे जातो. चेन केली की ब्रेकचा नट लगेच बघायचा. मला हे कळलं ते ड्रमला चुकून हात लागल्यावर. हात लगेच मागे आला, एवढा तो तापला होता.

आता टॅपेट. व्हॉल्व्हच्या शेपटावर रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारा छोटा दांडा) दाबतो आणि दोघांमध्ये अगदी बारीक फट ठेवलेली असते, माझ्या गाडीला इनटेकला ०.०५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.०८ मिमी, इंजिन पूर्ण थंड असताना. डोक्यावरच्या केसाइतकी जाडी. ही फट असते कारण तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. फट जास्त झाली की टिकटिक आवाज येतो आणि सगळे लगेच कान टवकारतात, टॅपेट वाजतायत, टाइट करून घे. मीही केले. आवाज बंद झाला, गाडी कशी शांत चालायला लागली, मी खूश. मग काही दिवसांनी गरम झाल्यावर आयडलिंगला बंद पडायला लागली, थंड असताना एका किकमध्ये सुरू आणि तापल्यावर दहा किका. कारण फट उरलीच नव्हती, तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता आणि कॉम्प्रेशन तिथून निसटत होतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सहा-सातशे अंशापर्यंत तापतो आणि त्याची बरीचशी उष्णता तो बंद होऊन सीटला टेकतो तेव्हाच बाहेर जाते. टेकूच दिला नाही तर तो निवणार कधी? त्याची कड जळते. माझं थोडक्यात वाचलं. तेव्हापासून वाजणाऱ्या टॅपेटची मला भीती वाटत नाही, गप्प बसलेल्याची वाटते.

करायला अवघड नाही. प्लग काढायचा म्हणजे इंजिन हलकं फिरतं, हेडवरच्या टॅपेटच्या दोन टोप्या काढायच्या, डावीकडची झाकणं काढून मॅग्नेटचा (क्रँकच्या टोकावरच्या चाकाचा) नट पान्याने फिरवत टी ची खूण खाचेसमोर आणायची. इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. फोर स्ट्रोकमध्ये पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्ट संपताना. टी ची खूण दोन्ही वेळा दिसते. पाहिजे कॉम्प्रेशनची, तेव्हा दोन्ही रॉकर बोटाने हलवले की किंचित टकटक हलतात. दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात. मी नेमक्या त्या दुसऱ्या जागी फट सेट केली होती, मग गाडी सुरू केली तर आत कुणी खिळे टाकलेत असा आवाज. रॉकर हलत नसेल तर अजून एक पूर्ण फेरा द्यायचा, इतकंच. फीलर गेजची (ठराविक जाडीच्या पट्ट्यांच्या मापाची) पट्टी फटीतून जाताना हलकीशी अडखळली पाहिजे. आणि लॉक नट आवळताना मधला, फट ठरवणारा स्क्रूही त्याच्याबरोबर फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर परत पट्टी घालून बघायची. मला अजूनही दोन-तीनदा करावंच लागतं.

क्लचचं तेच. लिव्हरच्या टोकाला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मोकळी हालचाल पाहिजे. केबल ताणून ठेवली तर कायम अर्धा क्लच दाबल्यासारखं, चढावर रेस वाढते पण गाडी नाही वाढत. प्लेट गेल्या म्हणून इंजिन उघडायच्या आधी केबलचा प्ले बघा, आणि ऑइलही बघा. या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो त्यामुळे डब्यावर जासो एमए (अशा ऑइलमधल्या क्लचसाठीचं जपानी मानक) लिहिलेलंच ऑइल घ्यायचं, कारचं नको, काही कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि क्लचला तर घर्षणच पाहिजे असतं. थ्रॉटलच्या केबललाही थोडा प्ले हवा, नाहीतर हँडल वळवलं की रेस आपोआप चढते.

कार्ब्युरेटरचा पायलट स्क्रू, ज्याला आपण हवेचा स्क्रू म्हणून मोकळे होतो, तो आधी पूर्ण आत टेकवून मग दीड-दोन फेरे बाहेर काढायचा असतो. टेकवायचा, आवळायचा नाही. त्याचं टोक सुईसारखं असतं, जोर दिला की टोकावर कडं उमटतं आणि मग आयडलिंग आयुष्यभर बसत नाही. आणि कार्ब्युरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीचे ते प्लस स्क्रू ज्यांची डोकी कायम खराब होतात ना, त्यात बऱ्याचदा स्क्रूची चूक नसते. जपानी बनावटीच्या कार्ब्युरेटरवर जेआयएस (जपानी मानक) मापाची फुली असते, ती आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखीच दिसते पण तो ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि वर चढून निसटतो. बरोबर ड्रायव्हर आणल्यापासून माझा एकही स्क्रू गेला नाही. हे मला कोणी आधी का सांगितलं नाही हा प्रश्न आहेच.

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पेट्रोलच्या टाकीने. गाडी मस्त चालायची आणि काही किलोमीटरवर गेली की ढेपाळून बंद. पाच मिनिटं थांबलं की सुरू, जणू काही झालंच नाही. प्लग बदलला, कॉइल तपासली, कार्ब्युरेटर दोनदा उघडला, जेट फुंकले, फिल्टर नवीन. काही फरक नाही. मजा म्हणजे टाकी फुल केली की लवकर बंद पडायची, त्यामुळे मला पेट्रोलचाच संशय. शेवटी एकदा वैतागून रस्त्याच्या कडेला पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडलं आणि स्स्स असा आवाज आला. मी तसाच झाकण हातात धरून उभा.

या गाडीला पंप नाही, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. जेवढं उतरेल तेवढी हवा वरून आत जायला पाहिजे, त्यासाठी झाकणाला एक बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं होतं. हवा जाईना म्हणून आत पोकळी, पोकळीमुळे पेट्रोल अडकलं, वाटी रिकामी, गाडी बंद. थांबलं की झिरपून थोडी हवा आत जायची. आणि टाकी फुल असताना वर हवा कमीच असते, त्यामुळे थोडं पेट्रोल उतरलं की दाब लगेच पडायचा. सगळं एका भोकावरून. ते भोक बुजायला माझाही हातभार होता, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून झाकणाच्या आत मी ग्रीस चोपडलं होतं, आणि ग्रीसवर धूळ कशी बसते ते काय सांगायचं.

सगळंच सैल सोडा असं मी म्हणत नाहीये हां. एक्सलचा नट, हँडलचे क्लँप, इंजिन माउंटिंगचे बोल्ट, सायलेन्सरचे नट, हे मापात आवळलेलेच पाहिजेत, आणि ब्रेकच्या रॉडची, टॉर्क आर्मची (मागच्या ब्रेकची प्लेट फिरू न देणाऱ्या पट्टीची) स्प्लिट पिन जुनी परत न वाकवता नवीनच टाकायची. तिथे मी आता टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, वापरतो. हाताला अंदाज असतो असं म्हणणाऱ्यांत मीही होतो, पहिल्यांदा रेंचने मोजलं तर माझा अंदाज जवळजवळ दुप्पट निघाला.

असो, ऑइल झालं, चेन झाली, ब्रेक बघितला. रात्री गाडी लावताना टॅपेटचा आवाज नेहमीपेक्षा जरा कमी वाटला. सकाळी इंजिन थंड असताना झाकणं उघडून बघतो.