काशिनेतला इंडियन

मंगळवार, रात्री.

फ्लॉरेन्समधलं काम दुपारीच आटोपलं, म्हणून ट्रॅम पकडून काशिने पार्क गाठलं. नाव ऐकून काशी आठवते, पण अर्थ साधा आहे, गाईंचे गोठे. इथल्या जुन्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याची ही दूधदुभत्याची, शिकारीची जागा. लोकांसाठी ती रीतसर खुली झाली नेपोलियनच्या काळात. आर्नो नदीच्या काठाने साडेतीन किलोमीटर नुसती झाडीच झाडी.

मंगळवारी इथे बाजार भरतो. मी पोचलो तोवर दुकानं आवरत होती. खोकी, कोबीची पानं, गाडीत कोंबलेले स्वेटर. थेट आपला आठवडी बाजार उठताना दिसतो तसंच.

मला पार टोकाला जायचं होतं. वाटेत कुत्रं फिरवणाऱ्या आजोबांना विचारलं, "राजाराम?" त्यांना काही कळेना. मग "इंदियानो" म्हटल्यावर लगेच हात लांब करून दाखवला.

दगडी छत्री, खाली फेटा बांधलेला अर्धपुतळा, रंगवलेला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला इथल्या हॉटेलात वारले, वय जेमतेम 20. इटलीत तेव्हा दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून, मुन्योने ओढा आर्नोला मिळतो तिथे, संगमावर अग्नी दिला. ज्यांनी हे ठरवलं त्यांना परक्या गावातसुद्धा संगम शोधावासा वाटला, हे मला फार आपलं वाटलं. 1874 मध्ये स्मारक झालं. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, म्हणजे आपला कोल्हापूरचा न्यू पॅलेस ज्याने बांधला तोच. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा.

शेजारून जो मोठा केबलचा पूल जातो (1978 मध्ये पुरा झाला) त्याचंही नाव 'इंडियन'वरूनच. गाव दीडशे वर्षं त्यांना सांभाळून आहे, फक्त नाव सोडून. पण त्या आजोबांना कोणत्या तोंडाने हसू? मी राजाराम कॉलेजात पाच वर्षं काढली. कुठले राजाराम, हे एकदाही विचारलं नाही. ताराराणींचे यजमान असतील, एवढ्यावर भागवलं.

महाराज प्रवासात इंग्रजीत रोजनिशी लिहीत. त्यांच्याबरोबरच्या कॅप्टन वेस्टने ती पुढे छापली. विशीतला पोरगा, परमुलखात, रोज रात्री दिव्याखाली बसून लिहितोय. हे आठवलं म्हणून तर आज मीही वही काढली, नाहीतर जूनपासून कोरीच आहे.

मुन्योनेचं पाणी अगदीच बेताचं. एका फांदीला प्लास्टिकची पिशवी अडकून हलत होती. हात लावून यावं म्हणून दोन पावलं उतरलो, पण काठ निसरडा आणि पायात ऑफिसचे बूट. वरूनच नमस्कार केला. परत ट्रॅमपर्यंत तीन किलोमीटर चालत. डाव्या टाचेला हा एवढा फोड आलाय.