चष्म्याच्या डबीतली गोळी

रात्रीचे दोन वाजलेत, झोप नाही, म्हणून लिहितोय.

आज काकांचा चष्मा पुसायला घेतला तर डबीत टिश्यूत गुंडाळलेल्या मॉर्फिनच्या दोन गोळ्या. दर चार तासांची गोळी, मीच हातावर ठेवलेली, पाणी पण मीच दिलेलं, आणि यांनी गालात धरून ठेवली असणार, कारण एकीची कड विरघळलेली होती. एवढा राग आला ना. विचारलं तर हळूच म्हणाले, "अरे घेतली की गुंगी येते. तुझ्या काकूशी बोलायचं राहिलंय थोडं." मग आपणच, "आणि नाही घेतली तर कण्हतो, मग ती रडते. तूच सांग काय करू."

मी काय सांगणार, कपाळ! डॉक्टरांनी समजावलेलं तेच घोकलं, की गुंगी बहुतेक सुरुवातीचे काही दिवसच असते, डोस नीट बसवला की माणूस जागा राहतो, आणि त्याने मरण काही लवकर येत नाही. ते ऐकतच नव्हते, केमोवर घसरले. दोन महिन्यांपासून त्यांना ती बंद करायचीय म्हणे, पण बोलत नाहीत, काकूला वाटेल हा मला सोडून जायला तयार झाला. म्हणजे अंग यांचं, उलट्या यांच्या, आणि सुई टोचून घेतात ती तिच्यासाठी. हे प्रेम की खोटेपणा? मला तरी ठरवता येईना.

अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये १९९७ पासून इच्छामरणाचा कायदा आहे, आणि तिथे डॉक्टरांकडून ते मरणाचं औषध लिहून घेतलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते घेतच नाहीत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा नवल वाटलं होतं, आज नाही वाटलं. इतकं सगळं हातातून सुटल्यावर एक गोष्ट तरी आपल्या मुठीत हवी असेल.

"काकूला सांगू नकोस" म्हणाले आणि मी हो म्हणून बसलो, म्हणजे आता लपवाछपवीत मी पण सामील. सकाळी सिस्टर येतील त्यांना मात्र विचारणार, डोस असा बसवता येईल का की दुपारी तासभर तरी डोकं साफ राहील आणि दुखणं पण आवाक्यात. केमोचं त्यांनीच बोलायला हवं, ते मी नाही बोलणार. बहुतेक.

डबी परत उशाशी ठेवली. गोळ्या काढून घ्यायचा धीर झाला नाही.

आत खोकले आत्ता. काकू उठली वाटतं.