टर्बो बदलला, पण आधी चेंबर उघडला

मे महिन्यात बेळगावहून गोव्याला परत येताना चोर्ला घाटात मागचा टेम्पोवाला सारखा लाईट मारत होता, मला वाटलं ओव्हरटेक करायचंय म्हणून साईड दिली तर पुढे न जाता शेजारी येऊन हाताने मागे दाखवतोय. आरशात बघितलं तर निळा धूर. थोडा नाही, आपल्याकडे डासांसाठी फॉगिंगची गाडी फिरते ना तसा. उतारावर पाय काढला होता आणि वळण संपल्यावर परत एक्सलेटर दिला की भस्सकन बाहेर.

गाडी म्हणजे स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, 2005 ची, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, दर सिलिंडरला पाच-पाच व्हॉल्व्ह म्हणजे एकूण 20, आणि 150 हॉर्सपॉवर. चार दारं आणि संसार मावेल एवढी डिकी असताना हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून भांडणं होतात, मी म्हणतो आणि विषय संपवतो. 15 वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू करून घेतली तेव्हा घरचे म्हणाले आता तरी विका. नाही विकली. आणि आधीच सांगतो, पुढे जे काही झालं त्यात गाडीचा काही दोष नाही, सगळा माझा आहे, कसा ते येईलच.

आधी दोन ठिकाणी दाखवली तर दोन्हीकडे एकच उत्तर, पिस्टनच्या रिंगा गेल्या, तेल वर येऊन जळतंय, इंजिन खोलावं लागेल. पोटात गोळा आला. पण आमचा जुना मेस्त, म्हणजे मेकॅनिक, आहे फोंड्याजवळ, त्याने आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे. मग एअर फिल्टरकडून येणारा पाईप काढून आत बोट घातलं आणि टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, शाफ्ट हलवून मला म्हणाला, तू हलवून बघ. थोडासा आडवा हलतो तो नवीन टर्बोतही, कारण तो बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, त्याला घाबरायचं नाही. पण माझा पुढे-मागेही हलत होता, आणि पात्यांच्या कडा बाहेरच्या घराला (हाउसिंगला) घासून चकचकीत झालेल्या. मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारणारी वस्तू अशी घासते म्हणजे काय ते समजा. गेले दोन महिने जी शिट्टी मला मस्त स्पोर्टी वाटत होती ती हीच होती.

मी म्हटलं, चला, टर्बो मागवू, लावू, विषय संपला. त्यावर मेस्त जे बोलला ते मी आता सगळ्यांना सांगत फिरतो: "टर्बो आपशीं मरना रे, ताका तेल मारता." म्हणजे टर्बो आपोआप मरत नाही, त्याला तेल मारतं. मला तेव्हा तो उगाच काम वाढवतोय असं वाटलं, खरं सांगतो.

काम माझ्याच घराच्या शेडमध्ये करायचं ठरलं, तो संध्याकाळी येणार आणि तोपर्यंत जमेल तेवढं मी खोलायचं. व्हिडिओ बघून सोपं वाटतं हो. ह्या गाडीत टर्बो इंजिनाच्या मागे, इंजिन आणि फायरवॉल, म्हणजे केबिनकडची भिंत, यांच्या मधल्या फटीत बसवलाय, वरून फक्त दिसतो, हात जात नाही. आणि ते व्हिडिओवाले सगळे डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या खोलतात, आपल्याकडे ब्रेकचा बूस्टर नेमका त्याच बाजूला येतो. म्हणजे सगळं खालून. बॅटरी काढली, कूलंट काढलं, उजव्या बाजूचा एक्सेल काढून बाजूला केला, मग डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून सायलेन्सरकडे जाणारा पाईप, मग तेलाचा वरचा पाईप, खालचा रिटर्न, पाण्याचे दोन, आणि शेवटी मेनिफोल्डला (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या भागाला) धरणारे तीन बोल्ट. लिहायला दोन ओळी लागल्या, करायला चार दिवस. फक्त जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका, चांगले स्टँड लावा, चाकाखाली दगड ठेवा, एवढं ऐका माझं.

चारातले अडीच दिवस डाउनपाइपच्या नटांनी खाल्ले. वीस वर्षं तापून थंड होऊन तापून, वर आपली खारी हवा आणि चार-चार महिने पाऊस, नट कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. रोज रात्री जेवण झाल्यावर जाऊन डब्ल्यूडी-40 मारायचो, आई म्हणायची देवाला दिवा लावल्यासारखा नेमाने जातोस. त्याने काही झालं नाही. शेवटी मेस्ताने गॅसची टॉर्च आणली, नट लालभडक केला आणि गरम असतानाच पाना लावला तेव्हा कर्रर्र करून सुटले, एक सोडून. तो एक स्टड मी मेस्त यायच्या आधी पाईप लावून जोर काढायला गेलो आणि मुळापाशी मोडला. तेव्हा तोंडातून जे निघालं ते इथे लिहीत नाही. नंतर त्याने उरलेल्या तुकड्यावर नवीन नट ठेवून आतून वेल्डिंग मारलं आणि त्या नटाला धरून अख्खा बाहेर काढला, पाच मिनिटांत. वेल्डिंगची उष्णता आतपर्यंत जाते, गंज सुटतो, म्हणून हे ड्रिल मारत बसण्यापेक्षा बरं.

टर्बो हातात आला तेव्हा आश्चर्य वाटलं, एवढासा. दोन गोगलगाई पाठीला पाठ लावून बसवल्यासारखा. एका बाजूने सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर चाक फिरवतो, त्याच शाफ्टवर दुसऱ्या टोकाचं चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरतं, बस. अल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 मध्ये ह्याचं पेटंट घेतलं, रस्त्यावरच्या गाड्यांत नाव व्हायला मात्र सत्तरचं दशक उजाडलं.

आता मुख्य गोष्ट. मेस्ताने नवीन टर्बोकडे बघितलंच नाही, आधी तेलाचा वरचा पाईप घेतला, त्यात फुंक मारली, मला दिला. माझी फुंक आरपार जाईना! हा बारीक पाईप तापलेल्या मेनिफोल्डच्या अगदी जवळून जातो, त्यात तेल अडकून भाजलं की कोळसा होतो आणि आतून पाईप बंद होत जातो, हृदयाच्या नळ्यांचं होतं तसंच. मग त्याने इंजिनाखालचं ऑईल चेंबर उतरवलं. आत तळाला काळा चिकट थर, तव्यावर जळलेला गूळ असतो ना तसा, आणि पंपाला तेल ओढून देणारी जाळी अर्धीअधिक बुजलेली.

का? तर मी. दोन वर्षं आणि 18 हजार किलोमीटर एकच तेल, तेसुद्धा फोक्सवॅगनचं 502.00 हे मानक डब्यावर लिहिलेलं सिंथेटिक न घेता दुकानात जे मिळालं ते. आणि दुसरं, बेळगावला जाताना घाट चढून वर आलो की माझा ठरलेला चहा, घाट दणकावून चढवायचा, गाडी लावली की चावी फिरवून बंद. टर्बो त्या वेळी लाल व्हायच्या बेताला तापलेला असतो, इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आत जे तेल राहिलं ते तिथेच भाजतं. वर्षानुवर्षं मी माझ्या टर्बोला चहाबरोबर तळत होतो.

समजा मी हे न बघता नवीन बसवला असता, तर त्या बंद पाईपने तो आठवड्यातही गेला असता आणि मी टर्बो पाठवणाऱ्याला शिव्या दिल्या असत्या. म्हणून वरचा पाईप नवीन घेतला, साफ करून लावायचा नाद केला नाही. रिटर्न आतून घासून मोकळा केला, कारण तेल टर्बोतून खाली आपल्या वजनाने उतरतं, तिथे अडलं की सील ठीक असले तरी तेल पाईपात नि सायलेन्सरमध्ये शिरतं आणि तुम्हाला वाटतं नवीन टर्बोच खराब निघाला. चेंबर रॉकेलने धुतलं, जाळी बदलली, पॅकिंगं आणि तांब्याचे वॉशर सगळे नवीन. तेलाच्या पॅकिंगला मी सिलिकॉन लावायला निघालो तर मेस्ताने ट्यूब काढून घेतली, त्याचा तुकडा सुटून आत गेला की परत तेच दुखणं. इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी, उजव्या चाकाच्या पुढे असतो, तो काढून उलटा केला तर पेलाभर तेल निघालं.

टर्बोची किंमत सांगत नाही, घरचे हा ब्लॉग वाचतात. ऑनलाइन निम्म्याहून कमी किमतीतले दिसत होते, फोटोत सगळे सारखेच, धाडस झालं नाही. आणि फक्त कोअर, म्हणजे शाफ्ट नि चाकांचा मधला भाग, बदलून देणारेही आहेत, वाईट पर्याय नाही, पण बॅलन्सिंग मशीनवर होतं का ते विचारा. माझ्या टर्बोचं घर पात्यांनी घासलेलं होतं म्हणून मी अख्खा घेतला. तो पोचेपर्यंत मिरग लागला, शेडचा पत्रा एका कोपऱ्यात गळतो हे तेव्हा कळलं, बरोबर बोनेटवर. मेस्तही पावसात गायब झाला, फोन केला की "फाल्यां", म्हणजे उद्या. असे नऊ फाल्यां झाले.

बसवणं दीड दिवसात झालं. सुरू करायच्या आधी टर्बोच्या तोंडात पिचकारीने ताजं तेल घातलं, हाताने चाक फिरवलं, मग कॉइलचे कनेक्टर आणि इंजेक्टरचे प्लग काढून नुसता स्टार्टर मारला, थांबून थांबून, तेलाचा दिवा विझेपर्यंत. पहिले काही सेकंद कोरडा फिरला तर सगळी मेहनत तिथेच गेली. मग प्लग लावले आणि चालू केली.

धूर. परत निळा, शेडभर. मी खाली बसलो अक्षरशः. मेस्त तोंडात भजी घेऊन म्हणाला, जुनं तेल सायलेन्सरमध्ये आहे ते जळायला नको? साखळी गावापर्यंत जाऊन येईस्तोवर धूर पातळ झाला, दुसऱ्या दिवशी बंद.

गेल्या रविवारी चोर्ल्याला नेली. धुकं एवढं की दरीही दिसत नव्हती, पण तिसऱ्या गिअरमध्ये तो धक्का परत पाठीत लागला आणि शिट्टी गायब. वर चहाच्या टपरीपाशी लावली आणि चालूच ठेवून उतरलो, दोन मिनिटं. चहावाला म्हणाला, भाऊ बंद करा ना, फुकट पेट्रोल जाळताय. मी म्हटलं, जाऊ दे, तू साखर कमी घाल.