भामट्याला लग्न परवडत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. जुन्या कोकणातली प्रेमकथा लिहायला घेतलेले लोक हा प्रश्न हमखास विचारतात. उंबऱ्याबाहेर फारशी न पडलेली बाई, गोड बोलणारा भामटा, काळ 1908 च्या आसपासचा, जागा रत्नागिरीची किनारपट्टी. त्याने तिला नेमकं कसं फसवावं म्हणजे वाचकाला पटेल? बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं: तो लग्न करतो, तिची माडांची वाडी नावावर करून घेतो आणि आगबोटीने पसार होतो. यातलं पहिलंच पाऊल घसरतं.

नायिका विधवा असणार हे धरून चालू. त्या काळच्या ब्राह्मण घरात पंचविशीची कुमारिका दाखवलीत, तर तिचं लग्न का राहिलं हे सांगण्यातच निम्मी पानं जातील. 1856 च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली खरी, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने नवऱ्याकडून आलेल्या मालमत्तेवरचा हक्क पुनर्विवाहाबरोबर काढून घेतला. म्हणजे अक्षता पडल्या की वाडी दिरांकडे. तिच्या माडांवर डोळा ठेवून आलेला भामटा लग्न कशाला करील? तो लग्नाचा शब्द देईल, तारीख देईल, ती तारीख पुढे ढकलेल. त्याचा सगळा धंदा लग्न न होण्यावर चालतो. ही एक गोष्ट पक्की धरलीत की निम्मं कथानक आपोआप उभं राहतं.

लग्न न करता जमीन विकायला लावावी, तर त्या काळच्या कायद्यात तिथेही अडचण आहे. नवरा एकत्र कुटुंबात वारला असेल, तर तिला अन्नवस्त्रापलीकडे काही नाही. तो विभक्त होऊन वारला असेल तर जमीन तिच्याकडे येते, पण हयातीपुरती. कायद्याला पटेल अशी निकड असल्याशिवाय ती कायमची विकता येत नाही, कारण नवऱ्याचे भाऊबंद पुढे दावा लावू शकतात. हे गावातल्या प्रत्येक सावकाराला पाठ असे. असली जमीन घेणारा मिळाला तरी तो पडेल भावच देणार.

जमीनच हवी असेल तर नायिकेला माहेरी आणा. मुंबई इलाख्यात बापाकडून वारशाने आलेली मिळकत मुलीला पूर्ण मालकीने मिळे, आणि पुनर्विवाह केला तरी ती जात नसे. बाप विभक्त, भाऊ नाही, आईही गेलेली, लहानपणीच विधवा होऊन परत आलेली एकुलती मुलगी, आणि परसाच्या गडग्यापलीकडे टपलेले चुलते. अशी बाई भामट्याला खरोखर फायद्याची. मात्र शंभर रुपयांच्या वरचं खरेदीखत नोंदवावंच लागतं. त्यासाठी तिने तालुक्याला सबरजिस्ट्रारपुढे हजर राहून ‘सही माझी’ असं कबूल करायला हवं. नाहीतर नोंदलेलं मुखत्यारपत्र हवं, म्हणजे पुन्हा तिचीच सही आणि तिचीच कबुली. सही झाल्यापासून दस्त हजर करायला चार महिने मिळतात. घरात सही करून दिलेली बाई त्या टेबलापुढे ‘नाही’ म्हणाली, तर सबरजिस्ट्रार दस्त नोंदवत नाही. एवढा नाट्यमय प्रसंग कायद्याने आयता दिलेला असताना लोक खडकावरून समुद्रात उड्या कशाला मारायला लावतात, कळत नाही.

पण माझं मत विचाराल तर शहाणा भामटा जमिनीच्या नादी लागतच नाही. तो सोन्याकडे वळतो. स्त्रीधन तिचं स्वतःचं, त्याला ना नोंदणी ना साक्षीदार. शिवाय विधवेचं सोनं अंगावर नसतं, पेटीत असतं.

आधी आकडे नीट लावा. 1899 पासून सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याचा भाव 15 रुपये ठरलेला होता. हे नाणं 22 कॅरटचं, वजन 8 ग्रॅमला किंचित कमी. त्यावरून 22 कॅरटचं तोळाभर सोनं (तेव्हाचा तोळा सुमारे 11.66 ग्रॅमचा) साधारण 22 रुपयांना पडतं. म्हणजे हजार रुपयांचा ऐवज म्हटलात की 45 तोळे झाले, अर्ध्या किलोहून जास्त. एवढा डबा बाई पदराखाली लपवून परसदाराने निघाली असं लिहू नका.

म्हणून तो अस्सल दागिना काढून पेटीत त्याच्या जागी खोटा ठेवतो. ही बदलाबदली कोणत्या दागिन्याची करायची, हेही महत्त्वाचं. भरीव गोठ-पाटल्यांच्या जागी मुलाम्याचं पितळ ठेवलं तर हातात घेताच कळतं, कारण तेवढ्याच आकाराच्या पितळेचं वजन जेमतेम निम्मं भरतं. बोरमाळेचं तसं नाही. तिचे मणी पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली. त्यामुळे खोटी माळ हाताला फारशी हलकी लागत नाही. मुलामा आधी उडतो तो मण्याच्या भोकापाशी, जिथे एक मणी दुसऱ्यावर घासतो. पण पेटीतली माळ घासणार कशी? वर्ष-दोन वर्षांनी पुतणीच्या लग्नात ती बाहेर निघते, दिवसभर गळ्यात राहते, आणि संध्याकाळी दोऱ्यालगत तांबूस कडी दिसायला लागते. मग सोनार कसोटीवर रेघ ओढून तेजाबाचा थेंब टाकतो. सोन्याची रेघ राहते, पितळेची हिरवट फेस येऊन जाते. तोवर भामटा कुठल्या कुठे! अस्सल माळ गावच्या सोनाराकडे मोडायची सोय नाही, घराघरातले डाग तो ओळखतो. ती मुंबईला झवेरी बाजारातच जायला हवी.

आता आगबोट. जूनच्या सुरुवातीपासून नारळी पौर्णिमेच्या सुमारापर्यंत ती बंद. लेखक इथे लिहून जातात, ‘चार महिने त्याची काही खबर नाही.’ समुद्र बंद असला तरी टपाल बंद नसे. ते घाटावरून येई, उशिरा पण येई. पोस्टकार्ड एक पैशाला, पाकीट अर्ध्या आण्याला. हे दर 1922 पर्यंतचे, पुढे दुप्पट झाले. म्हणून ‘मुंबईहून काकांचं पत्र आलं’ असं सांगून त्याने नुसता कागद दाखवून भागत नाही, पाकिटावर मुंबईचा आणि इथला असे दोन्ही शिक्के हवेत. गिरगावातल्या एखाद्या खोलीत बसून उत्तरं टाकणारा साथीदार त्याला लागतोच. पावसाळा त्याच्या उपयोगी पडतो तो वेगळ्या कारणाने: पत्र जातं, पण मुंबईला जाऊन खातरजमा करून येणारा माणूस जात नाही.

पळून जायलाही आगबोट वाईटच. ती धक्क्याला लागत नाही, खोल पाण्यात उभी राहते. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, आणि किनाऱ्यावर निम्मा गाव उभा. चोरून जायचं तर बैलगाडीने आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथे 1891 पासून रेल्वे आहे. त्याला चार-पाच दिवस धरा, पावसात जास्त.

त्याने स्वतःला चित्पावन म्हणवू नये. गोत्रं चौदा, आडनावाला गोत्र बांधलेलं, मूळ गाव विचारलं की ओटीवरची म्हातारी दोन प्रश्नांत त्याला उघडा पाडील. घाटावरचा, पुण्यात वाढलेला, आईबाप नसलेला सुधारक हे सोंग बरं. पुनर्विवाहच करायचा तर पोटजातीचं काय घेऊन बसलात, असं तो म्हणू शकतो. उदाहरण हाताशी आहेच: धोंडो केशव कर्वे, मुरुडचे, 1893 मध्ये विधवेशी लग्न केलेले. त्याच लग्नापायी मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं, हेही तिला माहीत असणार. म्हणून ती त्याच्याबद्दल घरात कोणाकडे ब्र काढत नाही, आणि चारचौघांत विचारपूस झाली असती तर जे उघडं पडलं असतं ते झाकलेलं राहतं.

रत्नागिरीत हा विषय निघाला की इंग्रजांनी इथे आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या थोरल्या मुलीचं नाव येतंच. तिचं मन जडलं ते दारावरच्या गोपाळ सावंतवर; तो आधीच लग्नाचा होता. त्याला भामटा ठरवू नका, तसं म्हणायला आधार नाही. आणि तो प्रसंग आजच्या थिबा राजवाड्यात घालू नका. त्यांची मुलगी टुटू 1906 मध्ये जन्मली, राजाचं कुटुंब त्या वाड्यात राहायला गेलं 1910 मध्ये.

शेवटाबद्दल. ‘पहिली बायको येते आणि पोलीस त्याला बेड्या घालतात’ हे 1946 च्या आधी चालत नाही. हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्याची बंदी मुंबई इलाख्यात त्या वर्षी आली. 1908 मध्ये त्याने खरंच लग्न लावलं असेल, तर पहिली बायको आल्यावर नायिका फक्त तिची सवत ठरते. खोटंच लग्न लावून तिला नांदवलं असेल, तर तेव्हाच्या दंडविधानाचं 493 कलम होतं, दहा वर्षांपर्यंत कैद. सोन्यासाठी 420, सात वर्षांपर्यंत. दोन्हीकडे तिला कोर्टात उभं राहून सगळं स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल, समोर चुलते बसलेले असताना. फिर्याद तिने करायची की नाही, हे मात्र तुमचं तुम्ही ठरवा.